कल्याणची गाडी आणि वाडीची जीप

गेल्या आषाढात आम्ही गावी गेलो, ते खरं म्हणजे जीपला निरोप द्यायला. लावणी आटोपली की जीप विकायची आणि आलेल्या पैशांत थोडी भर घालून सीएनजीवर चालणारी छोटी गाडी घ्यायची, असं घरात ठरलं होतं. चिरंजीवांनी गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. पुण्याकडचा कुणी हौशी माणूस होता, दीड लाख द्यायला तयार होता.

ही जीप 1995 सालची, महिंद्रची, चारही चाकांना जोर देणारी. एका सरकारी खात्याच्या लिलावात थोरल्या भावाने आणि आम्ही मिळून घेतली. भाऊ मंडणगड तालुक्यात वाडीवर, आम्ही कल्याणला. पावसाळ्यात ती गावी, बाकी दिवस आमच्याकडे, असा सुरुवातीचा करार होता. पुढे चिरंजीव तळोज्याच्या कारखान्यात लागले. दुसरी पाळी सुटायला रात्रीचे अकरा-साडेअकरा होतात. शिळफाट्याच्या खड्ड्यांत ते एकदा मोटारसायकलवरून पडले, हात मोडला, दोन महिन्यांचा पगार बुडाला. तेव्हापासून सूनबाई त्यांना दुचाकीला हात लावू देईनात आणि जीप कल्याणलाच राहिली.

आता जीपने रोज कामाला जायचं म्हणजे काय, ते वाचकांनी हिशेबानेच पाहावं. जाऊन-येऊन 44 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 1100 किलोमीटर. जीप लिटरला दहा देते. म्हणजे 110 लिटर डिझेल. 90 रुपये भाव धरला तरी 9900 रुपये. सीएनजीच्या ऑल्टोचा कंपनीचा दावा किलोला एकतीसचा. शिळ रस्त्याच्या गर्दीत आम्ही पंचवीसच धरला. 44 किलो गॅस, 80 रुपयांप्रमाणे 3520 रुपये. दोहोंत फरक सहा हजारांच्या वर. दोन लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी काढलं तर हप्ताही साधारण तेवढाच बसतो. वर पाटे, क्लचप्लेट, टायर हे वेगळंच. शिवाय पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची दर पाच वर्षांनी तपासणी करून पुन्हा नोंदणी करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. ती मुदतही याच वर्षी संपत होती.

कागदावर सगळं उघड होतं. म्हणून निघालो.

पहाटे चारला कल्याण सोडलं. पळस्पे फाटा ओलांडून कर्नाळ्याच्या खिंडीत उजाडलं. डोंगरावर ढग उतरलेले, सुळका दिसेना. मागच्या आडव्या बाकांवर नातवंडं समोरासमोर बसलेली. वडखळ येईपर्यंत धाकटीला दोनदा उलटी झाली. या रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं आणि पुढे दहा-बारा वर्षं रेंगाळलं, हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याच्या कंबरेला ठाऊक आहे. जीपच्या पाट्यांवर तर रस्त्यातला प्रत्येक खडा मोजून घ्यावा लागतो. कोलाडला चहा घेतला. माणगावच्या बाजारात नेहमीसारखी अर्धा तास कोंडी.

लोणेऱ्याला महामार्ग सोडून उजवीकडे वळलो, विद्यापीठाचा फाटा मागे टाकला, आणि गोरेगावपासून पुढे रस्ता खरा कोकणचा झाला. दोन्ही बाजूंना लावणीची खाचरं, इरली-प्लास्टिक पांघरलेल्या बाया वाकलेल्या, पाण्यात ढगांची सावली. आंबेतला सावित्रीच्या पुलावर जीप थांबवून सगळे खाली उतरलो. लाल, गढूळ पाणी, त्यावर ओंडके वाहत चाललेले. हीच सावित्री वर महाडजवळ 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री जुना पूल घेऊन गेली, एसटीच्या दोन गाड्यांसकट. मुलांना ते सांगितलं. धाकटीने विचारलं, "हा पूल नवा आहे ना?" आम्ही तिला गाडीत बसवलं.

म्हाप्रळ सोडलं की चढ लागतो. मंडणगड तालुका म्हटलं की आपल्या वाचकांना आंबडवे आठवतं. आमची वाडी त्या वाटेवर नाही. मंडणगडच्या पुढे बऱ्यापैकी डांबरी रस्ता गावापर्यंत जातो, देवळापाशी संपतो, आणि तिथून दीड किलोमीटरवर आमची बौद्धवाडी. रस्ता गावाला आला आणि वाडीला यायचा राहिला, ही कोकणात किती वाड्यांची गोष्ट आहे! त्या दीड किलोमीटरमध्ये एक पऱ्या आडवा जातो आणि त्याच्या पलीकडे जांभ्याचा निसरडा चढ.

पऱ्याच्या अलीकडे आंब्याखाली एक नवीकोरी पांढरी गाडी उभी होती. विरारच्या शेजाऱ्यांच्या मुलाची. ते सगळे डोक्यावर बोचकी घेऊन गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलेले, पायांच्या खुणा दिसत होत्या.

चिरंजीवांनी छोटा दांडा ओढला. ज्यांनी अशी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एरवी अशा जीपची मागची दोनच चाकं गाडी ढकलतात. हा दांडा ओढला की पुढचीही जोडली जातात, आणि लो गियरला टाकली की वेग मरतो पण जोर वाढतो. कोरड्या डांबरावर मात्र हा दांडा ओढू नये. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांना सारखं फिरता येत नाही आणि सगळा ताण गियरवर येतो. आणखी एक, फोर व्हील चढायला कामाची, थांबायला नाही. ब्रेक तिला इतर गाड्यांसारखेच. आमच्या या जीपमध्ये ना एअरबॅग, ना एबीएस. नातवंडांना आडव्या बाकावर बसवून महामार्गावरून आणताना ही गोष्ट मनात सलते, ती पैशाच्या हिशेबात येत नाही.

जीप मात्र पाण्यातून गेली, घसरली, सावरली, आणि चढ चढून भावाच्या अंगणात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरायला बाहेर आलो, तर जीपपाशी तीन माणसं उभी. एकीच्या कडेवर तापलेलं पोर, एका म्हाताऱ्या काकांना बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता, तिसऱ्याला खताची दोन पोती आणायची होती. कुणी विचारलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. जीप आली आहे म्हणजे ती मंडणगडला जाणार, एवढंच त्यांना माहीत.

"जयभीम दादा," काका म्हणाले, "जीप इकताय म्हणं?"

आम्हाला उत्तर सुचेना. दोन पावसाळ्यांपूर्वी जीप कल्याणला असताना याच काकांच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. रात्री चार गड्यांनी तिला डोलीतून पऱ्यापार नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण त्याआधीच्या वर्षी असाच प्रसंग आला होता, तेव्हा जीप वाडीत होती आणि तासाभरात माणूस दवाखान्यात पोचला होता. हा फरक वहिनींनी आम्हाला त्या दुपारी, भाकरी थापता थापता, शांतपणे ऐकवला.

रात्री सगळे बसलो. सूनबाई म्हणाल्या, "वाडीचं खरं आहे, पण दीड लाख सोडले तर गाडी कशावर घ्यायची? यांचा जीव रोज त्या रस्त्यावर असतो." त्यांचंही चूक नव्हतं. भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जीप इथं ठेव. नोंदणीचे पैसे मी भरतो. तुझा वाटा शेताच्या पैशांतून हळूहळू देईन." वाडीतल्या मुलांनी डिझेल वर्गणीतून टाकू म्हणून सांगितलं. भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, पांढऱ्या पाटीच्या गाडीला तो परवाना नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील, हे आम्ही स्पष्ट बजावलं. या गोष्टीची धास्ती अजून आहे. वर्गणी किती दिवस टिकेल, तेही पाहायचं.

येताना आम्ही एसटीने आलो.

दिवाळीनंतर 2020 ची ऑल्टो घेतली, सेकंडहँड, तीन लाखांत. एक लाख आमच्या निवृत्तीच्या पैशांतले, बाकी कर्ज. ब्रेकला एबीएस आहे, चालकापुढे एअरबॅग आहे. गॅसच्या रांगेत चिरंजीवांचा अर्धा तास जातो, पण रात्री बाराला दार वाजतं तेव्हा कपडे कोरडे असतात.

डिसेंबरात भात आणायला तीच घेऊन गावी गेलो. पऱ्या आटलेला होता, म्हणून चिरंजीवांनी हिंमत केली. तिच्या पोटाखाली सहा इंचांहून जरा जास्त जागा. दुसऱ्याच दगडाला खालून असा आवाज आला की सगळे उतरलो. गाडी मागे घेऊन आंब्याखाली लावली. थोड्या वेळाने पुतण्या जीप घेऊन खाली आला, मागे भाताची चार पोती. डिकीत गॅसची टाकी, म्हणून दोन पोती मागच्या सीटवर चढवली, एक पायाशी. चौथं जीपमधून परत वर गेलं.