दिवाणजींचं देणं

अमरावतीच्या राजापेठेत, बडनेरा रस्त्याच्या अंगाला भाऊंचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीची औषधं. पोत्यांची नोंद ठेवायला मी तिथं लागलो आणि धंदा तिथंच शिकलो. भाऊ मालक, हिशेब दिवाणजींकडे. आज माझं स्वतःचं दुकान आहे ते या दोघांमुळे. लोक मात्र मला भाऊंचा चेला म्हणतात. दिवाणजींचा कोणी म्हणत नाही.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळी आली. बीटी कपाशीची बोंडं बाहेरून हिरवीगार, आतून पोखरलेली. आमची बहुतेक उधारी कापसाच्या चुकाऱ्यावर फिटायची, आणि त्या साली घरात कापूसच नव्हता. दिवाळीनंतर भाऊ भर दुकानात म्हणाले, "यंदा वसुलीले कोणाच्या दारात जायचं नाही." भातकुलीकडचे एक म्हातारे शेतकरी पायरीवर बसून रडले. आम्हा पोरांचाही ऊर भरून आला.

दिवाणजींनी एवढंच विचारलं, "मंग कंपनीचं कसं करावं, भाऊ?"

"ते तुम्ही पाहा."

आणि त्यांनी पाहिलं. खतावणी काढून गावनिहाय खाती मांडली. भातकुली खारपाणपट्ट्यात; विहिरीचं पाणी खारं, ओलित नाही, सारी भिस्त पावसावर. ती खाती त्यांनी पुढच्या हंगामावर टाकली. ज्यांच्याकडे संत्र्याची बाग, दूध किंवा घरात नोकरी, ते दुकानात आले की चहा पाजून जमेल तेवढं मागितलं. दारात कोणाच्या गेले नाहीत. न खपलेली बियाण्याची पाकिटं वेळेत परत पाठवली, कंपन्यांशी बोलून हप्ते बांधून घेतले, रब्बीचा माल खपेल तेवढाच उचलला. आमचा पगार त्या साली अडला नाही.

नेता आणि व्यवस्थापक ही वेगळ्या घडणीची माणसं असतात, असं हार्वर्डच्या अब्राहम झालेझनिक यांनी १९७७ साली मांडलं होतं. हे मी पुष्कळ नंतर वाचलं आणि मला ते पटलं. खतावणी वाचत बसले असते तर भाऊंना तो शब्द देताच आला नसता, कारण आकडे 'नाही'च सांगत होते. आणि दिवाणजींच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नसता. पण व्याख्यानांतून व्यवस्थापकाला खालची पायरी देतात, ते मला मान्य नाही. आपल्या अमरावतीतच दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. तिथं रोजचं धान्य, मलमपट्टी, शेतीचा जमाखर्च कोणीतरी सांभाळलाच असेल. त्यांची नावं आपण विचारत नाही.

पुढच्या खरिपात शेतकरी आमच्याकडेच आले, ते भाऊंच्या शब्दाला जागून. त्यांना द्यायला दुकानात माल होता, तो दिवाणजींमुळे.

भाऊंचं नाव राजापेठेत अजून निघतं. दिवाणजींचं निघत नाही, म्हणून हे लिहिलं. माझ्या दुकानात उधारीची खाती आजही त्यांच्याच रीतीनं, गावनिहाय मांडली जातात.