नावं ठेवताना

घरातला जुना संगणक निवृत्त झाला. माझ्यासारखाच, पण त्याला निरोपसमारंभ नव्हता. मुलाने नवीन आणून दिला आणि म्हणाला, "जुन्यातलं हवं ते काढून घे, रविवारी हा भंगारात जाणार."

हवं ते म्हणजे काय, तर आईच्या ओव्या. १९८६ च्या मे महिन्यात मी टेपरेकॉर्डर समोर ठेवून तिला गायला बसवलं होतं. १९९४ मध्ये आई गेली. पुढे २००९ साली भाच्याने त्या कॅसेटी संगणकावर उतरवून दिल्या आणि फायलींना नावं ठेवायचं काम मी घेतलं. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे अर्धवट उत्तर लिहायची सवय नाही. फायलीच्या नावातच ओवीची पहिली ओळ, कुठल्या प्रसंगाची, आईला कोणी शिकवली, मागे कोणाचा आवाज आहे, सगळं लिहिलं.

नव्या संगणकावर डेस्कटॉपवर 'जुन्या संगणकातलं सगळं' असा फोल्डर केला आणि कॉपी सुरू केली. मध्येच सूचना आली की नाव या जागेसाठी फार लांब होतंय, 'स्किप' करू का? मला वाटलं, एखादी असेल. दाबलं. पुन्हा आली, पुन्हा दाबलं. शेवटी सगळं पार पडल्यासारखं दिसलं.

पण मास्तरणीला हजेरी घेतल्याशिवाय चैन कुठे? जुन्यात २१४ फायली, नव्यात २०३. अकरा गैरहजर! आणि दुसऱ्या दिवशी रविवार.

नातीला फोन लावला. तिने समजावलं ते असं. फायलीचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून एकात एक असलेले सगळे फोल्डर धरून फायलीच्या नावाच्या शेवटापर्यंत, विंडोजमध्ये पूर्वापार २६० चिन्हांत बसवावा लागतो. त्यातलं एक शेवटच्या न दिसणाऱ्या खुणेचं. जुन्या संगणकावर ओव्यांचा फोल्डर थेट डी ड्राइव्हवर होता, म्हणून पत्ता जेमतेम बसला होता. नव्यावर यूझर्स, मग माझं नाव, मग डेस्कटॉप, मग माझा तो 'सगळं', एवढी लांबी पुढे जोडली गेली. फाइल तीच, घर आडगल्लीत गेलं.

"पण आजी, तू नावं मराठीत ठेवलीस ना? मग मोज बरं." मी वहीत मोजलं. 'लग्नातल्या' माझ्या हिशेबाने चार अक्षरं. ती म्हणाली, संगणकाच्या हिशेबाने दहा! काना वेगळा, पाय मोडायची खूण वेगळी. 'स्त्री' हे एकच अक्षर, पण तिथे सहा. जोडाक्षरं शिकवण्यात जन्म गेला माझा, आणि त्यांची किंमत आता कळली.

मर्यादा उठवायची सोय विंडोज १० मध्ये २०१६ पासून आहे, पण ती मुद्दाम सुरू करावी लागते आणि प्रत्येक प्रोग्रॅमला ती मानवतेच असं नाही. 'सब्स्ट' नावाची आज्ञा देऊन लांबच्या फोल्डरला स्वतःचं एक ड्राइव्हचं अक्षर देता येतं, म्हणजे पत्ता तिथूनच सुरू होतो. मी सगळ्यांत सोपं केलं. सी ड्राइव्हवर थेट 'ओव्या' नावाचा फोल्डर केला आणि त्यात पुन्हा कॉपी केली. २१४ पैकी २१४ हजर!

पुन्हा अशी पाळी नको म्हणून आता फायलींना हजेरीपटासारखे नुसते क्रमांक दिलेत. पूर्ण माहिती शेजारच्या एका यादीत लिहिली, तिची छापील प्रत कपाटात आहे. भाच्यांनो, भाच्यांच्या मुलांनो, कपाट डावीकडचं, वरचा कप्पा.

क्रमांक देताना ती अकरा नावं पुन्हा वाचली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ज्या ओव्यांबद्दल मला सांगायचं सर्वांत जास्त होतं, त्यांचीच नावं सर्वांत लांब झाली होती. म्हणजे राहून गेल्या त्या नेमक्या जिवाजवळच्या. त्यांतल्या एकीत आई मध्येच थांबते आणि म्हणते, "पुरे गं आता, चहा ठेव." हे वाक्यही मी नावात लिहिलं होतं.

काल रात्री ती लावली. आता तिचं नाव फक्त १३७ आहे. ऐकून झाल्यावर उठले आणि चहा ठेवला.