देवनळ

निपाणीत ज्याचे बालपण गेले, त्याला तंबाखूची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. वखारीजवळून जाताना नाकाला झोंबणारी पूड, सुगीच्या दिवसांत शिवारात वाळत पडलेली पाने, घरोघरी वळल्या जाणाऱ्या विड्या यांतच तो वाढतो. म्हणूनच थंडीत आंबोलीच्या घाटमाथ्यावर पुरुषभर उंचीची, तशाच लांबट पानांची झाडे दिसली, की आमच्याकडचा माणूस सहज म्हणून जातो, ‘हा रानतंबाखू!’

या झाडाचे खरे नाव देवनळ. नावातला नळ त्याच्या पोकळ खोडाचा. ‘लोबेलिया निकोटियानीफोलिया’ या शास्त्रीय नावाचा अर्थही तंबाखूच्या पानांची लोबेलिया असाच आहे. सारखेपणा मात्र पानांपुरताच. तंबाखू वांग्या-मिरचीच्या कुळातला, तर देवनळ घंटापुष्पांच्या कुळातला. थंड देशांतल्या बागांत निळ्या घंटांनी डवरणारी कँपॅन्युला ही त्याची दूरची बहीण. देवनळाची घंटा पांढरी आणि एका बाजूने चिरलेली असते. अशा फुलांचा लांब तुरा शेंड्यावर उभा राहिला, की उघड्या डोंगरउतारावर तो दुरूनही नजरेत भरतो.

आमचे आतोबा तंबाखूचे जुने शौकीन. एकदा आंबोलीला त्यांनी देवनळाचे पान खुडले आणि ‘फुकटचा माल आहे, वाळवून पाहू’ म्हणून ते पिशवीत टाकू लागले. वाटेवरचा एक धनगर म्हणाला, ‘दादा, त्याला आमची शेरडंसुद्धा तोंड लावत न्हाईत.’ आतोबांनी देठ पाहिला, तर त्यातून पांढरा चीक ठिबकत होता. तंबाखूच्या पानाला असा चीक नसतो. दोहोंतला भेद ओळखण्याची हीच सोपी खूण. आतोबांनी पान टाकून दिले आणि ओढ्यावर हात धुतले.

धनगराचे म्हणणे खरे होते. या झाडात लोबेलिन नावाचे द्रव्य आहे आणि शरीरात ते निकोटिनच्याच वाटेने जाते. ते पोटात गेले तर मळमळ व वांती होते. मात्रा वाढल्यास जिवावरही बेतते. याच गुणामुळे धूम्रपान सोडवण्याच्या गोळ्यांत लोबेलिन घालून पाहण्यात आले. परंतु उपयोग सिद्ध न झाल्याने अमेरिकेत 1993 साली अशा गोळ्यांची खुली विक्री बंद करण्यात आली. तेव्हा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांनी देवनळाच्या वाटेस जाऊ नये.

मग ही वनस्पती बागेत लावावी काय? घरात लहान मुले वा अंगणात गुरे असतील तर लावू नये. मोठी, मोकळी जागा असेल तर लावता येईल; मात्र रानातले झाड उपटून आणू नये. तुरा वाळला की बोंडांतले थोडे बी घ्यावे व बाकीचे तिथेच पडू द्यावे. हे बी धुळीसारखे बारीक असते. पानकुजीचे खत व वाळू मिसळून कुंडी भरावी, बी वर नुसते भुरभुरावे, त्यावर माती लोटू नये. पाणी वरून न घालता कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून शोषू द्यावे. रोपे हाताळण्याजोगी झाली, की पावसाळ्यात निचऱ्याच्या उतारावर लावावीत. प्रारंभी जमिनीलगत पानांचाच घेर दिसतो. फुलांसाठी दुसऱ्या वर्षाची वाट पाहावी लागते. ज्याला सह्याद्रीचा गारवा मानवतो, त्याला निपाणीच्या मैदानातला उन्हाळा जड जातो. बेळगावची हवा त्यामानाने बरी; पण तिथेही दुपारची सावली हवी. वाळलेली पाने व खोडे काढताना तोंडाला फडके बांधावे, कारण त्यांची पूड तंबाखूसारखीच नाकाघशाला झोंबते.

इतका खटाटोप नको असेल, तर माघाच्या आत एखाद्या रविवारी आंबोलीला जावे, मुलांना ती चिरलेली पांढरी घंटा दुरून दाखवावी आणि तिला देवनळ म्हणायला शिकवावे.