वाळवंटातला सातबारा

ऑफिसच्या कामाने २०१९मध्ये तेल अवीवला गेले होते. एक दिवस मोकळा मिळाला. टीममधले सगळे मृत समुद्रात तरंगायला पळाले, मी बीरशेबाची ट्रेन पकडली. वाळवंटातलं गाव म्हणजे उंट, तंबू, खजुरीची झाडं, हो ना? इथे स्टेशनजवळच मॉल!

जुनं गाव मात्र झकास. काटकोनात आखलेले सरळ रस्ते. १९००च्या सुमाराला तुर्कांनी ते मुद्दाम वसवलं, बेदुइन टोळ्यांवर नजर ठेवायला. १९०६ची मशीद आता म्युझियम आहे. १९१७मध्ये ऑस्ट्रेलियन घोडदळाने गाव घेतलं आणि साहेबाचं राज्य आलं. पॅलेस्टाईनची जवळजवळ निम्मी जमीन या एकट्या जिल्ह्यात, आणि माणसं बहुतेक बेदुइन.

१९२९ ते १९३९ इथला अधिकारी होता आरिफ अल-आरिफ, जेरुसलेमचा अरब. गंमत म्हणजे १९२०च्या दंगलीनंतर इंग्रजांनीच त्याला गैरहजेरीत शिक्षा ठोठावली होती. मग माफी दिली आणि नोकरीतही घेतलं! या पठ्ठ्याने बेदुइनांचे कायदे चक्क पुस्तकात लिहून काढले. भांडणं टोळ्यांच्या कोर्टात शेख मंडळी मिटवायची. जमीन कुणाची, हेही रिवाजानेच ठरायचं.

गोम तिथेच होती. १९२१मध्ये चर्चिलने आश्वासन दिलं, तुमच्या हक्कांना आणि रिवाजांना हात लावणार नाही. त्याच वर्षी वटहुकूम निघाला: पडीक जमीन कसत असाल तर दोन महिन्यांत नोंद करा. बहुतेकांनी केली नाही. एक तर कराची धास्ती, शिवाय आजोबांपासून कसतोय त्या जमिनीला कागद कशाला? (सातबाऱ्यावर नाव चढवायला किती खेटे घालावे लागतात, ते माझ्या आईला विचारा.)

१९४८मध्ये इस्रायलने बीरशेबा घेतलं. हजारो बेदुइन पळाले किंवा हाकलले गेले. उरले जेमतेम अकरा हजार. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दाव्यात सांगून टाकलं, तेव्हा नोंद नाही, म्हणजे जमीन सरकारची. त्रेसष्ट वर्षांपूर्वी हुकलेली डेडलाइन!

संध्याकाळी डिमोनाची बस धरली. कोकणातून गेलेली बेने इस्रायल कुटुंबं तिथे राहतात, म्हटलं जरा मराठी कानावर पडेल. वाटेत दोन्ही बाजूंना पत्र्याच्या वस्त्या, मेंढ्या, मधूनच एखादा उंट. डोक्यावरून विजेच्या जाड तारा गेलेल्या. यातल्या बऱ्याच वस्त्या सरकारदरबारी गाव म्हणून नाहीतच, त्यामुळे त्या तारांमधली वीज खाली उतरत नाही. बस तिथे थांबली नाही.