पान उलटणारा हात

१२ मे २०२५, दादर

भाची काल रात्री पुण्याहून आली. उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली. आता जाहिरात संस्थांच्या मुलाखती, म्हणून मुक्काम माझ्याकडे.

सकाळी चहा झाल्यावर तिनं सगळं काम दिवाणावर मांडलं. दिवाण पुरेना, मग जमिनीवर. बोधचिन्हं, कॅलेंडर, साबणाची खोकी, अक्षरलेखनाचे तक्ते, पेन्सिलीतली व्यक्तिचित्रं, वस्तुचित्रं, सिंहगडाचे फोटो. हात चांगला आहे, रंगाची जाण आहे. पण जाहिरातीच्या धंद्यात उभा जन्म गेल्यानं माझी नजर तिसऱ्याच गोष्टीच्या शोधात होती. ही मुलगी विचार कसा करते, हे या पसाऱ्यातून कळत नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "मामा, सगळे पीडीएफच मागतात. छापील पोर्टफोलिओ आता कोण बघतं?"

पीडीएफ लागतोच. पण तो दार उघडण्यापुरता. आत बोलावल्यावर टेबलावर छापील पोर्टफोलिओ ठेवला की समोरचा माणूस स्वतःच्या हातानं पान उलटतो. हात कुठे थांबला, कुठे मागे गेला, कुठे दोन पानं एकदम उलटली, हे समोर बसून दिसतं. मोबाइलवर सरकणारा अंगठा हे कधीच सांगत नाही.

१४ मे

निवड. यातच दोन दिवस गेले आणि ते जायलाच हवे होते.

एकेक सुटी जाहिरात पोर्टफोलिओत फारशी कामाची नसते. एखादी भन्नाट कल्पना कोणालाही एकदा सुचते. त्याच कल्पनेच्या किमान तीन जाहिराती निघाल्या, तर ती कॅम्पेन. तिसरी ओढूनताणून केल्यासारखी वाटली, तर कल्पना दोनातच संपली असं समजावं. या एका कसोटीवर अर्धा ढीग बाजूला झाला.

मग नेहमीचे यशस्वी विषय काढून टाकले. काहीही चिकटवणारा गोंद, तोंडातून आग काढणारा सॉस, भलतंच काही कापणारी सुरी. जगभरच्या विद्यार्थ्यांच्या पोर्टफोलिओत हे असतं, कारण अशा वस्तूंमध्ये अतिशयोक्ती आयती मिळते. बघणाऱ्यानं त्या जाहिराती आधी शंभरदा पाहिलेल्या असतात. त्यापेक्षा ज्याची जाहिरात करणं कठीण, असा विषय घ्यावा: विमा, शाळेची फी, पाणीपट्टी, एसटी.

आजीचं व्यक्तिचित्र बाजूला ठेवताना भाचीचा चेहरा उतरला. चित्र खरोखर सुंदर आहे. पण पोर्टफोलिओची किंमत त्यातल्या सगळ्यात कच्च्या किंवा सगळ्यात अस्थानी पानावरून ठरते, असा माझा अनुभव आहे. चित्र मी माझ्या खोलीत लावायला मागून घेतलं.

उरली आठ कामं. सर्वांत भक्कम ते पहिलं, त्याखालोखालचं शेवटी. ज्या दोन कामांत वर्गमित्रांचा हात होता, तिथे कोणी काय केलं ते पानाखाली लिहायला लावलं.

१७ मे

आठातलं एक एसटीचं आहे. मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. एसटीच्या लाल गाडीला महाराष्ट्रानं जितका जीव लावला तितका क्वचितच कोणत्या सरकारी वस्तूला लावला असेल. विषय उत्तम. पण मथळा होता इंग्रजीत, 'हाफ फेअर, फुल फ्रीडम'. चटपटीत आहे, अनुप्रासही आहे.

मी विचारलं, ही जाहिरात वाचणार कोण?

ती बराच वेळ बोलली नाही. मग तिनं वही ओढली. संध्याकाळपर्यंत दीड पान मथळे झाले होते. बहुतेकांत 'स्वातंत्र्य', 'सन्मान', 'भरारी' असले शब्द. आणि खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात:

माहेर, निम्म्या तिकिटात.

मी त्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला. त्या ओळीतून पुढच्या दोन तिनं जेवायच्या आधीच काढल्या. 'पोलीस भरतीचं मैदान, निम्म्या तिकिटात.' 'डोळ्यांचं ऑपरेशन, निम्म्या तिकिटात.' तिघींची वयं वेगळी, कामं वेगळी, गाडी एकच. तिसरी ओढून आणावी लागली नाही.

१९ मे

पहिल्या जाहिरातीचं चित्र तिनं असं काढलं होतं: एसटीची खिडकी, खिडकीच्या सीटवर कुरडया-पापडांनी गच्च भरलेली कापडी पिशवी. माणूस नाही. मला आवडलं होतं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना दाखवलं. त्यांचं माहेर पाटण तालुक्यात, वर्षातून दोनदा तरी एसटीनं जातात. मी भाचीला आधीच बजावलं होतं, समजावून सांगायचं नाही. पोर्टफोलिओ बघणाऱ्याच्या कानाशी तू असशीलच असं नाही. पान एकटं बोललं पाहिजे.

मावशींनी हात पदराला पुसले, कागद जरा लांब धरला, ओळ मोठ्यानं वाचली आणि हसल्या. मग बोट पिशवीवर ठेवून म्हणाल्या, "पिशवी शीटावर कोण ठेवील? कंडक्टर वरडंल की. मांडीवर घ्यायची. खाली ठेवली तर कुरड्यांचा भुगा." आणि थोड्या वेळानं ओट्यापाशी उभ्या राहून, "जाताना पिशवी रिकामीच आसती बघा. घडी करून पर्समदी. येताना मातर फुगल्याली."

भाची वही घेऊन तिथंच जमिनीवर बसली. आता जाहिरातीत दोन चौकटी आहेत. पहिलीत मांडीवर छोटी पर्स आणि तिच्यातून डोकावणारी पिशवीची घडी. दुसरीत तीच मांडी, तीच साडी, दोन्ही हातांनी कवेत धरलेली भरली पिशवी. चेहरा कुठेच नाही. मार्केट रिसर्चच्या जाड अहवालांत असा तपशील मला क्वचित सापडला. तो मिळाला माहेरी जाऊन येणाऱ्या बाईकडून.

२२ मे

रात्री वाद. तिचं म्हणणं, चित्रं एआयकडून करून घेऊ, फोटोसारखी देखणी होतील. माझं म्हणणं, या एका कॅम्पेनची तरी पेन्सिलीची कच्ची रेखाटनंही लावू, खाडाखोडीसकट. चकचकीत फिनिश आता कोणालाही मिळतं. म्हणूनच ते कोणाबद्दल काही सांगत नाही. सीटवरची पिशवी मांडीवर कशी आली, हे ज्या पानावर दिसतं, ते पान दुसऱ्या कोणाकडे असणार नाही.

तडजोड झाली. फोटो तिनं स्वतः काढायचे. साडी माझ्या बहिणीची, पिशवी मावशींची.

तिची दुसरी भीती जास्त खरी होती. "मराठी जाहिरात पहिल्या पानावर ठेवली तर ते मला फक्त भाषांतराच्या कामाला लावतील." ही भीती आमच्या पिढीतही होती. मी तिला अरुण कोलटकरांबद्दल सांगितलं. कविता मराठीत आणि इंग्रजीत, पोटापाण्याचा धंदा जाहिरातीचा. कम्युनिकेशन आर्ट्‌स गिल्डचा, म्हणजे कॅगचा, पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला आणि गिल्डच्या हॉल ऑफ फेममध्येही ते गेले. र. कृ. जोशी उल्का या संस्थेत कलादिग्दर्शक होते. पुढे आयआयटीत शिकवायला गेले, आणि विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो 'मंगल' फॉण्ट वापरला, तो त्यांनीच घडवला. या माणसांनी मराठी मागच्या खोलीत ठेवली नव्हती. मराठी न वाचणाऱ्यासाठी खाली एक बारीक ओळ इंग्रजीत पुरे. पहिलं पान एसटीचं, हे ठरलं.

२४ मे

फोर्टातल्या डिजिटल प्रिंटवाल्याकडे पूर्ण दुपार.

आकार ए थ्री, म्हणजे २९७ बाय ४२० मिलीमीटर. आमच्या काळी अर्ध्या इम्पीरियल शीटच्या मापाचे माउंट बोर्ड असत. त्यावर रबर सोल्यूशननं चिकटवलेले ब्रोमाइड, इंग्रजीला लेट्रासेट, देवनागरी मात्र हातानं लिहिलेली, आणि वर बटर पेपरचा पडदा. रेक्झिनची ती काळी बॅग घेऊन लोकलमध्ये शिरणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. ए थ्री उभी धरता येते आणि साधारण टेबलावर उघडली तरी समोरच्याचा चहा हलवावा लागत नाही.

कागद मॅट घेतला, ३०० जीएसएम. ग्लॉसी कागद दुकानात भारी दिसतो, पण ऑफिसातल्या दिव्याखाली त्यावर नेमकी मथळ्याच्या जागी चमक येते.

लाल रंगानं मात्र घाम काढला. पडद्यावरची एसटी रसरशीत लाल, छापून आली ती विटकरी. पडदा प्रकाशाचे तीन रंग मिसळतो, यंत्र चार शाया. पडद्यावरचा प्रत्येक लाल शाईत सापडत नाही. तिच्या लालमध्ये काळ्याचा अंश जास्त होता. कारागिरानं एकाच कागदावर लालच्या सहा पट्ट्या काढून दिल्या, प्रत्येकीत काळा थोडा थोडा कमी. त्या घेऊन भाची दुकानाबाहेर उन्हात उभी राहिली आणि शेवटून दुसऱ्या पट्टीवर नख ठेवलं. माझीही तीच निवड होती. चारी बाजूंना तीन मिलीमीटर जादा छपाई ठेवली, म्हणजे कटिंगमध्ये कडेला पांढरी रेघ उरत नाही.

२६ मे

मान्सून आजच मुंबईत. मे महिन्यात! वरळीच्या नव्या कोऱ्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. प्रिंट आणायला जाणं रद्द. फोन करून सांगितलं, प्रत्येक पान प्लॅस्टिकच्या वेगळ्या बाहीत घाला. इंकजेटच्या शाईला पावसाचा एक थेंबही पुरतो.

३० मे

पोर्टफोलिओ घरी आला. हातात तोलून पाहिला, जड वाटला नाही, हे चांगलं झालं.

संध्याकाळी सराव. मी बघणारा, ती समोर गप्प. दोनदा तिचं तोंड उघडलं, दोनदा मी बोट वर केलं. ज्या पानावर तिला बोलावंसं वाटलं, ते पान अपुरं आहे, एवढाच त्याचा अर्थ. आठातल्या बँकेच्या जाहिरातीत बोधचिन्ह, घोषवाक्य, फोन नंबर, तीन फोटो, सगळं कोंबलं होतं. मी तिला १९५९ ची फोक्सवागनची 'थिंक स्मॉल' दाखवली. भलंमोठं कोरं पान, वरच्या कोपऱ्याकडे चिमुकली गाडी. हेल्मुट क्रोन आणि ज्युलियन कोनिग, चित्र करणारा आणि मजकूर लिहिणारा, दोघांची मिळून कल्पना. कोऱ्या जागेचे पैसेही ग्राहकानं मोजलेले असतात, आणि तीच नजर खेचून आणते. बँकेचं पान तिनं रात्री पुन्हा केलं. आता त्यावर एक फोटो आणि एक ओळ आहे.

५ जून

लोअर परळला मुलाखत झाली. समोरची क्रिएटिव्ह डायरेक्टर चेन्नईची, मराठी वाचता न येणारी. तिनं पहिलंच पान उघडलं, दोन्ही चौकटींवर नजर फिरवली आणि खालची इंग्रजी ओळ वाचण्याआधीच विचारलं, "ही आईकडून परत येतेय का?" मग मथळा मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितला. दोनदा. मधली कामं भराभर गेली, बँकेच्या पानावर हात थोडा रेंगाळला. कच्च्या रेखाटनांच्या पानावर ती परत आली आणि पिशवीची जागा का बदलली, असं विचारलं. भाचीनं मावशींचं नाव घेऊन सांगितलं.

नोकरीचं अजून ठरलेलं नाही. याच कॅम्पेनचे तीन रेडिओ स्पॉट लिहून पुढच्या आठवड्यात यायला सांगितलंय. भाची लिहायला बसली आहे, मावशींना उद्या जास्त वेळ थांबायला सांगितलंय.

उपयोजित कला शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: पोर्टफोलिओ छापून घ्या, थोडा ठेवा, आणि ज्या भाषेत तुम्हाला कल्पना सुचते तिचं काम पहिल्या पानावर लावा.