घरातले संग्रहालय, रस्त्यावरची भिंत

शिकागो म्हटले की आपल्याकडे १८९३ ची सर्वधर्मपरिषद आठवते. ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ती भरली, त्याच प्रदर्शनात फ्रेडरिक डग्लस व आयडा वेल्स हे कृष्णवर्णीय नेते एक पुस्तिका वाटत होते. देशाच्या या वैभवदर्शनात आमच्या लोकांना स्थान का नाही, असा तिचा सवाल होता. विवेकानंदांचे भाषण आम्ही शाळेत घोकले. या पुस्तिकेचे नावही कानी आले नाही.

त्या सवालाचे एक उत्तर १९६१ साली त्याच शहरातल्या एका राहत्या घरात उभे राहिले. मार्गारेट बरोज या चित्रकर्तीने व कलाशिक्षिकेने पती चार्ल्स आणि काही स्नेह्यांसह साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवरील आपल्या घराच्या खोल्यांत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे व कलेचे संग्रहालय मांडले. इतरांच्या लेखी अडगळ असलेले कागद व छायाचित्रे तेथे इतिहास ठरली. माळ्यावरच्या ट्रंकांत मोडी दप्तरे सांभाळणाऱ्या आपल्या घराण्यांना याचे मोल निराळे सांगावयास नको. १९७३ मध्ये संग्रहालय वॉशिंग्टन पार्कमधील उद्यान-प्रशासनाच्या जुन्या इमारतीत गेले. पुढे थॉमस मिलर यांनी संस्थापकांच्या मुद्रा मोझेइकमध्ये घडविल्या. आज त्या तेथील दालनात आहेत.

१९६८ पासून संग्रहालयाला द्यु साब्ल याचे नाव आहे. हा कृष्णवर्णीय व्यापारी अठराव्या शतकाच्या अखेरीस शिकागो नदीच्या मुखाशी स्थायिक झाला. पत्नी किटिहावा ही तेथल्याच पोटावाटोमी जमातीची. १८०० साली सारे विकून तो निघून गेला, आणि शहराच्या संस्थापकाचा मान दीर्घकाळ जॉन किंझी या गोऱ्या व्यापाऱ्याकडे राहिला. परमुलखात घर थाटणाऱ्यांचे वंशज म्हणून आम्हांस ही गोष्ट विशेष लागते. आधी कोण आले, यापेक्षा नोंद कोणी ठेवली यावर मान ठरतो.

तथापि संग्रहालयाला दार असते, आणि दाराशी संकोचणारे लोकही असतात. म्हणून १९६७ ची ती भिंत आम्हांस अधिक भावते. त्रेचाळिसाव्या रस्त्याच्या व लँग्लीच्या कोपऱ्यावर, एका जुन्या इमारतीवर, कृष्णवर्णीय कलावंतांच्या गटाने आपल्या वीरांची चित्रे रंगविली: माल्कम एक्स, मुहम्मद अली, नीना सिमोन, चार्ली पार्कर. नाव ठेवले ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’, सन्मानाची भिंत. मार्टिन ल्यूथर किंग यांना मात्र तीत जागा दिली नव्हती! वादही झाले; एका चित्रकाराचा भाग पुसून दुसऱ्याने पुन्हा रंगविला. ज्या मोहल्ल्याची भिंत, तेथील लोक येताजाता त्यावर बोलत. काचेच्या कपाटाला हे भाग्य क्वचितच लाभते. १९७१ साली इमारतीला आग लागली, आणि त्यानंतर ती पाडण्यात आली. तोवर अमेरिकेच्या अनेक शहरांतल्या भिंती बोलू लागल्या होत्या.

सरोवरकाठच्या हमरस्त्याला द्यु साब्लचे नाव मिळावयास मात्र २०२१ साल उजाडावे लागले.