मुरू द्यावा असा सण

ऑक्टोबर अर्धा सरला की अमेरिकेतल्या दुकानांत एक विचित्र शेजार मांडलेला दिसतो. एका रांगेत हॅलोवीनचे भोपळे आणि प्लास्टिकचे सांगाडे, तर त्यांच्या पाठीशी पाठ लावून पलीकडे दिव्यांच्या माळा आधीच गुंफलेली नाताळची झाडं. दारातच जाळीच्या पिशव्यांत दालचिनीचा वास दिलेली पाइनची सुकी बोंडं असतात. बाहेर मेपलची पानं अजून फांदीवर असतात, न्यू जर्सीतल्या आमच्या घरांत दिवाळीचे कंदील माळ्यावरून उतरायचे असतात, आणि इथे स्पीकरवरून घंटा किणकिणू लागतात. मला अशा वेळी आनंद होण्याऐवजी रुखरुख लागते.

लवकर सुरुवात करण्यात मुळात वाईट काहीच नाही. ज्याच्यावर जीव असतो त्याच्या तयारीला माणूस आधीपासूनच लागतो. आमच्या शेजारी मूळच्या म्हापशाच्या एक मावशी राहतात. त्यांच्याकडे नाताळ काचेच्या बरणीत सुरू होतो, तोही ऑक्टोबरातच. काळे मनुके, बेदाणे, खजुराचे तुकडे, साखरेत पाकवलेली संत्र्याची साल, सगळं बारीक चिरून रममध्ये बुडवलेलं. पहिल्या दिवशी बरणीत फळं वेगळी आणि रम वेगळी दिसते. आठवड्याभरात मनुके टपोरे होतात, रमचा रंग गडद होतो, झाकण उघडलं की वास थेट डोक्यात जातो. नोव्हेंबर संपेपर्यंत कोणता तुकडा कशाचा, हे ओळखू येईनासं होतं. मी चमचा फिरवायला गेले की मावशी हात धरतात. "पुरे गो, सारखं ढवळू नये. मुरू दे त्याला."

फिलिपिन्समध्ये तर १ सप्टेंबरपासूनच नाताळची गाणी लागतात. त्या देशातली लाखो माणसं आखातात, जहाजांवर, परदेशी इस्पितळांत राबतात. भेटवस्तूंचा खोका समुद्रमार्गे घरी पोचायला आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून तो फार आधीच भरायला घ्यावा लागतो. गणपती उठले की परदेशातल्या लेकरांसाठी चकलीची भाजणी करायला घेणाऱ्या, फराळाचं पार्सल वेळेत पोचावं म्हणून कुरियरवाल्याला तारखा विचारणाऱ्या आपल्या आयांना हे समजावून सांगायला नको.

अमेरिकेत 'खरेदी लवकर उरका' हे आवाहनसुद्धा करुणेपोटी झालं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॅशनल कन्झ्युमर्स लीगच्या फ्लोरेन्स केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. तेव्हा डिसेंबरात दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असत. काउंटरमागच्या पोरसवदा मुली तासन्‌तास उभ्या असत आणि सामान पोचवणारी मुलं थंडीत दारोदार हिंडत. गिऱ्हाइकांनी खरेदी आधीच आटोपली तर या लेकरांचाही नाताळ सुखाचा होईल, एवढंच त्या बायकांचं मागणं होतं. व्यापाराने ते आवाहन उचललं आणि त्यातली ती मुलगी तेवढी गाळून टाकली.

पुढे विक्रीसाठी पंचांगच हलवायची वेळ आली. थँक्सगिव्हिंग हा सण लिंकन यांच्या १८६३च्या घोषणेपासून नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी होत असे, आणि तो झाल्याशिवाय नाताळच्या विक्रीला हात घालायचा नाही, असा दुकानदारांत संकेत होता. १९३९ साली तो गुरुवार ३० तारखेला आला. विक्रीचे दिवस कमी पडतील अशी ओरड झाली आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे, २३ तारखेला आणला. सुमारे निम्म्या राज्यांनी ते मानलं, बाकीच्यांपैकी बहुतेकांनी जुनीच तारीख धरून ठेवली. शेवटी १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार कायमचा ठरवावा लागला. तारखेचा तंटा मिटला, पण तो जुना संकेत मात्र पुढे टिकला नाही.

ख्रिस्ती परंपरेत नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. हे दिवस उत्सवाचे नसतात, वाट पाहण्याचे असतात. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न हे धर्मोपदेशक निराधार मुलांचा आश्रम चालवत. मुलं नाताळ कधी, नाताळ कधी म्हणून भंडावत, तेव्हा त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, इतर वारांसाठी लहान आणि रविवारांसाठी चार मोठ्या. रोज एक पेटे, रोज उजेड थोडा वाढे. ज्यांच्या पदरी काहीच नव्हतं त्या पोरांना विखर्न यांनी वाट पाहण्याचं सुख दिलं. दुकानातल्या झाडावर सगळे दिवे पहिल्याच दिवशी लागलेले असतात, त्यांत उद्यासाठी काही शिल्लक नसतं.

आणि जे घाईने येतं, ते जातंही घाईने. २६ डिसेंबरला तीच झाडं निम्म्या किमतीत निघतात, लाल रंगाच्या जागी व्हॅलेंटाइनचा गुलाबी चढू लागतो. चर्चमधला नाताळ तर नुकता कुठे सुरू झालेला असतो. गोव्यात ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त होतं, रेइश मागूश आणि चांदर इथे राजांचा पोशाख केलेली मुलं मिरवतात. मावशींच्या दारावरचं नक्षत्र इथे बर्फातसुद्धा तोवर उतरत नाही.

म्हणून माझं गाऱ्हाणं तारखेबद्दल नाही. बरण्या भराव्यात, खोके बांधावेत, हवं तर श्रावणापासून तयारीला लागावं. मात्र त्या लवकरपणातून कोणाला तरी विसावा मिळावा, काउंटरमागच्या मुलीला तर आधी. आणि २५ डिसेंबरला हिशेब मिटवून मोकळं होऊ नये. इतके दिवस ज्याची वाट पाहिली त्या पाहुण्याला निदान बारा दिवस तरी घरात ठेवून घ्यावं.